आवाज पट्ट्याचा, दुखणं पुलीचं

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)

मराठी विभागासाठी काहीतरी लिही, असं आमच्या वर्गातल्या एका मैत्रिणीने सांगितलं तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं. केजीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये गेलेली मी. शाळेत मराठी म्हणजे शुक्रवारचा शेवटचा तास आणि निबंधात ‘माझा आवडता ऋतू’. माझं खरं मराठी दोन ठिकाणी तयार झालं, एक आजीच्या स्वयंपाकघरात आणि दुसरं शिरवळला मामाच्या गॅरेजमध्ये. त्यामुळे या लेखात व्याकरण चुकलं तर पोटात घाला, आणि मध्येच ग्रीसचा वास आला तर तोही चालवून घ्या.

लेख आहे लक्ष्मणराव किर्लोस्करांवर. पण त्यांच्यापर्यंत मी पोचले एका गाडीच्या बेल्टमुळे, म्हणून आधी ती गोष्ट सांगते. त्यात माझी थोडी फजिती आहे.

ज्यांनी शिरवळ फक्त एसटीच्या खिडकीतून पाहिलंय त्यांच्यासाठी: पुण्याहून साताऱ्याकडे येताना नीरा नदी ओलांडली की आमचं गाव. पुढे खंडाळा आणि मग खंबाटकीचा घाट. घाटाच्या आधी गाडीत काही कुरकुर झाली तर शहाणा माणूस शिरवळला थांबतो, आणि त्यावर मामाचं घर चालतं. गेल्या सुट्टीत अशीच एक जुनी परदेशी गाडी आली. बॉनेट उघडलं तर आत सुपरचार्जर! मी पुस्तकाबाहेर पहिल्यांदाच पाहिला. आपल्याकडे टर्बो गल्लोगल्ली झालेत. टर्बो फिरतो सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम वायूवर. सुपरचार्जर मात्र इंजिनच्या क्रँकशाफ्टवरूनच, पट्ट्याने फिरतो. म्हणजे डायनॅमो, पाण्याचा पंप, एसी हे सगळं ओढणाऱ्या बेल्टवर आणखी एक दांडगा गडी बसवलेला.

गाडी सुरू केली की चिर्र चिर्र, चिर्र चिर्र. पक्षी ओरडल्यासारखं, एका लयीत. मामाने माझ्याकडे बघून विचारलं, काय गं इंजिनियर, काय झालंय हिला? मालकासमोर विचारलं, मग काय, मी अगदी कॉन्फिडन्सने सांगून टाकलं की बेल्ट गुळगुळीत झालाय, घसरतोय, बदलून टाका. बेल्ट पुण्याहून मागवावा लागला. दोन दिवस गेले, पैसे गेले. नवा बेल्ट बसवला, आवाज बंद. मी खूश. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी परत दारात, आणि तोच पक्षी पुन्हा ओरडतोय.

मामा काही बोलला नाही. मालकाकडून त्याने बेल्टचे पैसे घेतले नाहीत एवढंच मला कळलं, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

मग अप्पा पुढे आले. अप्पा म्हणजे गॅरेजमधले जुने मिस्त्री, सत्तरीच्या पुढचे. त्यांनी आधी बेल्ट उतरवून इंजिन दहा सेकंद चालवलं. आवाज गायब, म्हणजे दुखणं बेल्टच्या वाटेवरच कुठेतरी, इंजिनच्या पोटात नाही. (बेल्ट नसताना पाण्याचा पंपही फिरत नाही, म्हणून दहाच सेकंद. घरी प्रयोग करू नका.) बेल्ट परत चढवला आणि चालू इंजिनवर त्याच्या खाचांच्या बाजूला बाटलीने थोडं पाणी उडवलं. आवाज लगेच थांबला आणि पाणी सुकताच पुन्हा आला. अप्पांनी मान डोलावली. पाण्याने आवाज वाढला असता तर बेल्ट ढिला आहे, घसरतोय असं समजायचं. पाण्याने थांबून परत आला तर बेल्ट बिचारा ठीक आहे, कुठली तरी पुली रांगेत नाही, आणि बेल्ट तिच्यात तिरका शिरताना ओरडतोय. मग त्यांनी एक सरळ पट्टी पुल्यांच्या तोंडावर धरली. एक आयडलर पुली दोन-एक मिलिमीटर बाहेर आलेली. आधी कुठेतरी काम झालं होतं तेव्हा तिच्या मागे एक वॉशर जास्तीचा पडला होता. एक वॉशर! रोग रेड्याला नि औषध पखालीला, अशी म्हण आजीकडून ऐकली होती, ती त्या दिवशी मला नीट समजली.

हे तुम्ही कुठे शिकलात असं मी विचारलं तर अप्पा म्हणाले की पिठाच्या गिरणीत. त्यांच्या वडिलांकडे गिरणी होती. बाहेर डिझेल इंजिन पुक पुक करायचं आणि हातभर रुंद पट्ट्यावर आत जातं फिरायचं. पट्टा फटफटला तर जोड उसवलाय, किंचाळला तर घसरतोय, लावा राळ. घर्र घर्र आलं तर पट्ट्याकडे बघूच नका, बेअरिंग बघा. त्या इंजिनावर नाव कुणाचं होतं माहीत आहे का, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, किर्लोस्कर, कंपनीचं नाव. अप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी दुसऱ्याच दिवशी वाचायला बसले.

मिरजेला मावशीकडे जाताना लोणंदहून रेल्वेने किर्लोस्करवाडी स्टेशनवरून मी कितीतरी वेळा गेलेय. बोर्ड वाचलाय, वडापाव खाल्लाय. त्या नावाआड एक माणूस आहे, हे डोक्यात आलं नव्हतं.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. वडील वेदान्ताचे अभ्यासक. घरात पोथ्या, आणि या मुलाचं लक्ष मात्र चित्रात आणि खटपटीत. शाळेत रमले नाहीत. मुंबईला गेले आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकू लागले. इथे पहिला धक्का बसला. शिकता शिकता लक्षात आलं की त्यांना काही रंग नीट ओळखू येत नाहीत. अंशतः रंगांधळेपणा. चित्रकार व्हायला निघालेल्या मुलाला हे कळल्यावर काय वाटलं असेल, मला कल्पना करवत नाही. आपण एखादा केटी लागला तरी आठवडाभर तोंड लपवतो.

त्यांनी मात्र नेमकं काय बिघडलंय ते पाहिलं. रंग दगा देतायत, रेषा तर देत नाहीत ना? मग रंग सोडले आणि मेकॅनिकल ड्रॉइंग धरलं. त्या जोरावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ड्रॉइंग शिकवायची नोकरी मिळाली. हे इन्स्टिट्यूट म्हणजे आपलं व्हीजेटीआय, सीईटीच्या मार्कांवर आपल्यातले किती जण ज्याच्या दारातून परत आले तेच. तेव्हा ते नवं नवं होतं, १८८७ साली भायखळ्याला सुरू झालेलं. लक्ष्मणरावांकडे डिग्री नव्हती. त्यांनी शिकवता शिकवता वर्कशॉपमध्ये जाऊन यंत्रं हाताळली, अमेरिकेतली यंत्रांवरची मासिकं मिळवून वाचली.

त्या काळचं वर्कशॉप कसं असायचं हे इथे सांगितलंच पाहिजे, कारण आपण ते आता पाहू शकत नाही. प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर ही नंतरची चैन. तेव्हा अख्ख्या शेडला एकच इंजिन, बहुधा वाफेचं. छताखालून भिंतीपासून भिंतीपर्यंत एक लांब शाफ्ट, त्यावर रांगेने पुल्या, आणि प्रत्येक पुलीवरून खाली एकेका यंत्राकडे येणारा चामड्याचा सपाट पट्टा. लेथ थांबवायचा तर इंजिन थांबवायचं नाही. पट्टा दांडीने सरकवून शेजारच्या मोकळ्या पुलीवर न्यायचा, ती नुसतीच फिरत राहते. उलटं फिरवायचं तर पट्ट्याला मध्ये पीळ द्यायचा. वेग बदलायचा तर पायऱ्यापायऱ्यांच्या पुलीवर पट्टा एक पायरी खाली किंवा वर. आणि पट्टा पुलीवरून पडू नये म्हणून पुली मधोमध किंचित फुगीर करायची. चालता पट्टा आपोआप फुगवट्याकडे चढतो, खाली उतरत नाही. हे मला उलटं वाटलं होतं, वहीवर आकृती काढल्याशिवाय पटलं नाही. पट्टा पुलीला जितका जास्त लपेटलेला तितकी पकड, आणि ती पकड कोनाबरोबर घातांकाने वाढते, हे सूत्र आपण थिअरी ऑफ मशीन्समध्ये पाच मार्कांसाठी पाठ केलं. सुपरचार्जरची पुली जास्त हवेसाठी लहान केली की बेल्ट का घसरायला लागतो, ते त्याच सूत्रात आहे. त्या शेडमधल्या कामगाराला सूत्र ठाऊक नसायचं. त्याला आवाज ठाऊक असायचे. पंचवीस पट्टे एकदम फडफडत असताना कुठला आजारी आहे हे कानाने ओळखायचं, ही तेव्हाची डायग्नोसिस.

नोकरी चालू असतानाच लक्ष्मणरावांना मुंबईत सायकल दिसली. तेव्हा सायकल ही नवलाची वस्तू. ती मुंबईहून बेळगावला पाठवायची, आणि भावाने, रामुअण्णांनी, ती तिथे विकायची, घेणाऱ्याला चालवायलाही शिकवायची. १८८८ सालच्या या सायकलच्या दुकानापासून किर्लोस्कर बंधू ही पाटी सुरू होते. म्हणजे आपल्याकडच्या एवढ्या मोठ्या उद्योगाची सुरुवात रिपेअरिंगच्या आणि विक्रीच्या दुकानातून झाली. मामाला हे सांगितलं तेव्हा तो दिवसभर खुशीत होता.

मग १८९७. इन्स्टिट्यूटमध्ये बढतीची वेळ आली, जागा लक्ष्मणरावांच्या हक्काची, आणि ती दिली गेली एका अँग्लो-इंडियन माणसाला. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला. वय अठ्ठावीस. मी हा प्रसंग दोनदा वाचला. आमच्या बॅचमध्ये सध्या एकच चर्चा, कोअर की आयटी, पॅकेज किती, बाँड किती वर्षांचा. पक्की नोकरी सोडून बेळगावला सायकलच्या दुकानात जाणाऱ्या मुलाला आपण काय म्हटलं असतं? ते सोडा, माझ्या घरच्यांनी काय म्हटलं असतं? पण त्यांना कळलं होतं की त्या जागी आपण कितीही चांगलं फिरलो तरी रांगच वाकडी लावलेली आहे.

बेळगावात त्यांनी दुकानाबरोबर छोटा कारखाना काढला. पहिला खपेल असा माल म्हणजे कडबा कापायचं यंत्र. पुढे १९०३ साली लोखंडी नांगर. आणि इथे माझ्या मते त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट आहे, कारखाना वगैरे मोठा झाला त्याहून जास्त.

लाकडी नांगर जमीन ओरखडतो. लोखंडी नांगर ती उलटी करतो, खालची माती वर, वरचं तण खाली. फायदा उघड आहे. पण नांगर खपेना. लोखंडाने जमिनीत विष भिनतं, असं शेतकरी मानत होते. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. आपल्या कॉलेजात मोटिव्हेशनवर बोलायला जे पाहुणे येतात ते ही दोन वर्षं जिद्द या एका शब्दात संपवतात. मला ते अर्धवट वाटतं. नुसत्या जिद्दीने नवा बेल्ट बसवता येतो, मीही बसवला होता. प्रश्न हा आहे की दोन वर्षं माल पडून असताना हा माणूस बघत कुठे होता. शेतकरी अडाणी आहे म्हणून हात झटकणं सोपं होतं, कारण ओरड तिकडूनच येत होती. पण शेतकऱ्याच्या बाजूने बघा. एक बैलजोडी, एक पाऊस, एक हंगाम. नवीन वस्तू फसली तर वर्ष गेलं. त्यात बिडाचा ओतीव फाळ, जो मऊ असला तर दगडाळ रानात झिजतो आणि कडक असला तर मोडतो, आणि मोडला तर तो काही गावच्या लोहाराला भट्टीत तापवून जोडता येत नाही. लाकडी नांगर गावच्या सुतारापाशी दुरुस्त होतो. त्या संशयाच्या मागे हे सगळं होतं असं मला वाटतं. लक्ष्मणराव नांगर सुधारत राहिले, ओतकाम सुधारत राहिले, आणि मग नांगर बोलायला लागला. शेजारच्या रानात दिसलेलं पीक पाहून शेतकरी येऊ लागले.

ओतकामावरून एक मजेची गोष्ट. बीड वितळवायला भट्टीत जोराची हवा सोडावी लागते. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या कॉनर्सव्हिल गावच्या दोघा रूट्स बंधूंनी १८६० साली दोन फिरत्या पंख्यांचा एक ब्लोअर पेटंट केला, आणि तो ओतशाळांच्या भट्ट्यांना हवा द्यायला वापरात आला. पट्ट्यावर फिरणारा. पुढे हाच ब्लोअर लहान करून मोटारीच्या इंजिनावर बसवला गेला, त्याला आपण आज रूट्स सुपरचार्जर म्हणतो. म्हणजे शिरवळच्या त्या गाडीत जे यंत्र पाहून मी हुरळले होते ते मुळात भट्टीचा भाता होतं! अप्पांना सांगितलं तर त्यांना यात काही विशेष वाटलं नाही. हवा ती हवा, म्हणाले.

नांगराला जरा बरे दिवस येतायत तोच बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला सांगितली. शहराची वस्ती वाढवायची होती. यंत्रं, सामान, माणसं घेऊन जायचं कुठे? औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे लक्ष्मणरावांचे जुने स्नेही, स्वतः चित्रकार. १९०९ साली ते गादीवर आले होते. त्यांनी आपल्या संस्थानात जागा देऊ केली आणि कर्जही दिलं. जागा कुंडल रोड स्टेशनजवळची, बत्तीस एकर. सगळा माळ. निवडुंग, साप, पाणी नाही. तिथे मार्च १९१० मध्ये मंडळी येऊन राहिली.

इथे मला एक गोष्ट सरळ म्हणायची आहे. राजा मित्र नसता तर हा कारखाना उभा राहिला असता का? बहुतेक नाही. अशा चरित्रांमध्ये हा भाग घाईने सांगतात, जणू तो सांगितला तर मोठेपणा कमी होईल. मला तसं वाटत नाही. मैत्रीची जागा मिळाली म्हणून माळावर निवडुंग काही आपोआप निघत नाही.

तो काढायला पंचवीसेक माणसं होती. रामुअण्णांनी गावाची व्यवस्था सांभाळली, शंभुराव जांभेकरांनी यंत्रांचं पाहिलं, मंगेशराव रेग्यांनी हिशेब. शिक्षा भोगून आलेल्या दोघांना लक्ष्मणरावांनी वसाहतीची रखवाली दिली. ज्या काळात इंग्रजांचा कायदा अख्ख्या जातींनाच जन्माने गुन्हेगार ठरवत होता त्या काळातली ही गोष्ट आहे. वसाहतीत शिवाशीव पाळायची नाही असाही त्यांचा दंडक. इंग्लंड-अमेरिकेतल्या कामगार वसाहतींबद्दल त्यांनी वाचलं होतं, तसं गाव आपल्याकडे हवं हा त्यांचा ध्यास. घरं, शाळा, झाडं, पाणी. कारखान्याच्या आधी त्यांना गावाची रांग सरळ लावायची होती बहुतेक. पुढे रेल्वेने स्टेशनचंच नाव बदलून किर्लोस्करवाडी केलं.

पहिलं महायुद्ध आलं आणि गंमत बघा, संकट आणि संधी एकाच गाडीतून उतरली. परदेशी नांगर यायचे बंद झाले म्हणून वाडीच्या नांगरांना मागणी वाढली. पण लोखंडच मिळेना. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी आपल्याकडच्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या. तोफेचा नांगर! शाळेत आम्हाला बायबलमधली तलवारीचे फाळ करण्याची गोष्ट सिस्टरनी कितीदा सांगितली होती. ती आमच्या शेजारच्या जिल्ह्यात घडून गेलीय हे सिस्टरनाही माहीत नसावं.

पुढचा काळ मी भरभर सांगते, तो पुस्तकांत सापडतो. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड झाली. त्याच वर्षी पुतण्या शंकररावांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. आधी कारखान्याची बातमीपत्रिका, पुढे मराठीतलं मोठं मासिक. उसाचे चरक, भुईमूग फोडायची यंत्रं, पंप, लेथ, लोखंडी फर्निचर, असं बरंच निघू लागलं. मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीत मेकॅनिकल शिकून १९२६ साली बाहेर पडला आणि वाडीत परत आला. १९४१ साली हरिहरला यंत्रांचा कारखाना, १९४६ साली बंगळूरला विजेच्या मोटरी आणि खडकीला ऑइल इंजिनं. अप्पांच्या गिरणीतलं नाव ते हेच. मला यात एक विनोद दिसतो. विजेची मोटर प्रत्येक यंत्राला वेगळी लागली की छताखालचा तो शाफ्ट आणि पट्ट्यांचं जंगल यांची गरज उरत नाही. म्हणजे ज्या घराने पट्ट्यांच्या युगात सुरुवात केली त्याच घराने पट्टे उतरवणारं यंत्रही विकलं. पण पट्टा मेला नाही. तो गिरणीत गेला, विहिरीवर गेला, आणि बॉनेटखाली जाऊन बसला.

आता एक गोष्ट जी मला वाचताना टाळावीशी वाटली. १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर जी जाळपोळ झाली तिच्यात किर्लोस्करवाडीचा कारखानाही जळला. ज्यांनी खून केला त्यांच्याशी वाडीचा काही संबंध नव्हता. मारेकरी ब्राह्मण, हे घर ब्राह्मण, एवढंच. जिथे शिवाशीव चालू द्यायची नाही असं ठरवलं होतं तिथे जमाव जात बघून आला. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. निवडुंग काढून उभं केलेलं डोळ्यांदेखत राख. आमच्या साताऱ्या-सांगलीच्या घरांमध्ये या दिवसांबद्दल अजूनही हळू आवाजात बोलतात. आजीला विचारलं तर तिने विषय बदलला. कारखाना पुन्हा उभा राहिला, पंप पुन्हा निघू लागले.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीला पोस्टाने तिकीट काढलं.

हे सगळं वाचून झालं त्याच आठवड्यात ती गाडी पुन्हा आली. माझ्या पोटात गोळाच आला. पण मालक सर्व्हिसिंगला आले होते. मामाने यावेळी मला विचारलं नाही, नुसतं बॉनेट उघडलं आणि बाजूला झाला. मी लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक एकेका पुलीच्या बोल्टवर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. डायनॅमो, आयडलर, पाण्याचा पंप, सगळे शांत. वाढीव वॉशर काढल्यावर पक्षी उडून गेला होता. सुपरचार्जरच्या नाकाशी मात्र इंजिन मंद चालू असताना बारीक खडखड लागत होती, रेस केली की नाहीशी. मला वाटलं, सांगून टाकावं बेअरिंग गेलंय म्हणून. मग थांबले, पुन्हा ऐकलं, अप्पांना बोलावलं. त्यांनी ऐकून माझ्याकडे पाहिलं, तू सांग असं. मी म्हटलं, पुली आणि आतल्या पंख्यांच्या मधला कपलर झिजलाय, त्यामुळे मंद चालीवर वाजतोय. बेल्टला हात लावायचा नाही.

मालकांनी विचारलं, घाट चढेल का? अप्पा म्हणाले, चढेल. कपलर पुण्याहून यायचाय, आला की मी आणि अप्पा मिळून बसवणार आहोत. तोवर सबमिशन्स संपली पाहिजेत.